डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापून घेतात, याला काही नियम आहे का?

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आम्ही भाड्याचं घर सोडलं. पुण्यात दोन बीएचके, भाडं २५,०००, डिपॉझिट ७५,०००. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार झाले, म्हणजे एकूण ३३ महिने राहिलो. एकदाही भाडं पाच तारखेच्या पुढे गेलं नाही. किल्ल्या दिल्या त्या दिवशी मालक म्हणाले, "आठ दिवसांत पाठवतो." चोविसाव्या दिवशी खात्यात जमा झाले ३४,०००.

विचारलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर तीन ओळी आल्या. रंग २८,०००, स्वयंपाकघर-बाथरूम साफसफाई ५,०००, इतर दुरुस्ती ८,०००. बिल एकाचंही नाही. 'इतर' म्हणजे काय ते विचारून चार दिवस झाले, दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही.

नवीन घराचं डिपॉझिट भरायला मी बाबांची एफडी मोडली. जुन्या घराचे पैसे आले की लगेच पुन्हा करून देतो असं त्यांना सांगितलं होतं. ते काही विचारत नाहीत, त्यामुळे जास्तच लागतं.

रंगाचा खर्च भाडेकरूनेच द्यायचा असतो का? डिपॉझिट किती घ्यावं, कधी परत करावं याला महाराष्ट्रात कायदा आहे, की मालक म्हणेल ती पूर्व दिशा?

ठाणेकरीण:
माझ्या अनुभवात तरी मालक म्हणेल ती पूर्व दिशा. बारा वर्षांत पाच घरं झाली, पाचही ठिकाणी रंगाचे कापले. शेवटच्या वेळी भांडायचं बळच उरलं नव्हतं, पदरात सहा महिन्यांचं बाळ होतं. तुम्ही सोडू नका.

चिन्मय_कर्वेनगर:
अहो, दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेताच येत नाही! २०२१ मध्ये केंद्राचा कायदा आलाय. तुमच्याकडून तीन महिन्यांचं घेतलं, तिथेच मालक चुकले. सरळ तक्रार करा.

वकीलकाकू:
चिन्मय, हा गैरसमज फार पसरलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२ जून २०२१ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला तो आदर्श भाडेकरू कायदा. नावाप्रमाणे तो नमुना आहे. राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं आणि दुकान-ऑफिससाठी सहा महिन्यांचं भाडं एवढीच अनामत, हे त्यात आहे हे खरं. पण हा विषय राज्यांचा. राज्याने स्वतःचा कायदा केला तरच ते लागू होतं. उत्तर प्रदेशाने २०२१ मध्येच केला, तिथे ही दोन महिन्यांची मर्यादा आहे. आपल्याकडे अजून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चालतो, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेपट्टा न करता ठराविक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी देणाऱ्या करारावर, किती डिपॉझिट घ्यावं याची कमाल मर्यादा त्यात नाही. म्हणजे तीन महिन्यांचं घेतलं यात बेकायदा काही नाही.

पण म्हणून मालकाला मोकळं रान आहे असंही नाही. डिपॉझिट हे भाडेकरूचे पैसे आहेत, मालकाकडे ठेवलेले. त्यातला एक रुपया कापायचा तरी करारातल्या कलमाचा आधार हवा. सिंहगडरोडकर, करार काढा आणि तीन गोष्टी बघा. डिपॉझिट कधी परत करायचं लिहिलंय? कशासाठी कापता येईल लिहिलंय? आणि 'सामान्य वापराने होणारी झीज वगळून' असे शब्द कुठे आहेत का? तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

करार रजिस्टर झाला होता ना?

सिंहगडरोडकर:
काकू, मनापासून आभार. हो, तिन्ही वेळा ऑनलाइन रजिस्टर केला, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन गेला. करार शोधतो. लाज वाटते सांगायला, पण एकदाही पूर्ण वाचलेला नाही.

कोथरूड_निवृत्त:
मी मालक आहे. दोन फ्लॅट भाड्याने दिलेत, पेन्शन नसल्याने घर त्यावरच चालतं. दुसरी बाजूही मांडतो.

चार वर्षांपूर्वी एका कुटुंबाला जागा दिली. जाताना दोन महिन्यांचं वीजबिल तसंच ठेवून गेले. बेसिनखालचा पाइप फुटलेला. तिथे बादली लावून महिनोन्महिने काम भागवलं, मला कळवलंच नाही. ओट्याखालचं प्लायवूड कुजून हाताने तुकडे पडत होते. खर्च आला ६२,०००, हातात डिपॉझिट होतं ४०,०००. तेव्हापासून मी तीन महिन्यांचं घेतो. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी मेंटेनन्सच्या वर ना-वापर शुल्क लावते तेही मीच भरतो.

मात्र रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तीन वर्षं राहिलेल्या घराला रंग काढावाच लागतो. मी स्वतः राहिलो असतो तरी काढला असता. तो भाडेकरूकडून घेणं मला पटत नाही आणि मी घेत नाही.

ठाणेकरीण:
काका, तुमच्यासारखे मालक भेटायला नशीब लागतं. ते ना-वापर शुल्क म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस ना? आमच्या आधीच्या सोसायटीने ते आमच्याकडून घ्यायला लावलं होतं.

वकीलकाकू:
तेच. आणि ते सभासदाने, म्हणजे मालकाने भरायचं असतं. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्यावर सेवा शुल्काच्या दहा टक्के ही कमाल मर्यादा घातलेली आहे.

पहिली_नोकरी:
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. मी लातूरची, जूनमध्ये पुण्यात पहिली नोकरी लागली. आम्ही तिघींनी मिळून खराडीला एक फ्लॅट बघितला. भाडं १८,०००. पहिल्या दिवशी द्यायचे होते ते असे: एका महिन्याचं आगाऊ भाडं १८,०००, डिपॉझिट ५४,०००, दलाली १८,०००, करारखर्चातला आमचा वाटा १,२५०, सोसायटीचे सामान चढवण्याचे ३,०००. बेरीज ९४,२५०. पहिला पगार यायला अजून सत्तावीस दिवस. आईने बचत गटातून कर्ज काढून माझा वाटा पाठवला.

एवढे पैसे एकदम मागणं कुठे बसतं? हप्त्याने देता येत नाही का?

बेलंदूरचा_बंडू:
पहिली_नोकरी, बंगळूरला ये, चक्कर येऊन पडशील :) इथे दहा महिन्यांचं डिपॉझिट हा जुना रिवाज. आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहा महिन्यांवर आलंय, तरी मी २,००,००० भरलेत. आणि जाताना एक महिन्याचं भाडं रंगाचं म्हणून कापणार हे करारातच छापील असतं. दोन महिने राहा की पाच वर्षं, कापणी तेवढीच. माझ्या मित्राने स्वतः रंगारी लावून घर रंगवून दिलं, तरी कापले.

श्टुटगार्टकर:
हप्त्याचा प्रश्न चांगला आहे, कारण इथे जर्मनीत तो कायद्यातच आहे. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं 'थंड भाडं', म्हणजे हीटिंग वगैरे खर्च सोडून. आणि भाडेकरू ते तीन समान मासिक हप्त्यांत देऊ शकतो. पहिला हप्ता घर ताब्यात घेताना, पुढचे दोन पुढच्या दोन महिन्यांच्या भाड्याबरोबर. मालकाने ती रक्कम स्वतःच्या पैशांपासून वेगळी बँकेत ठेवायची, व्याज भाडेकरूचं.

मी सहा वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा घरमालकीणबाई हातात फाइल घेऊन आल्या. दोघं मिळून खोलीखोलीत फिरलो. खिडकीच्या चौकटीवर बोटभर लांबीचा ओरखडा होता, तो त्यांनीच दाखवला आणि लिहून घेतला. विजेचा, पाण्याचा मीटर किती, किल्ल्या किती (चार, शिवाय टपालपेटीची एक), सगळं लिहून दोघांच्या सह्या. घर सोडताना तोच कागद काढला आणि ताडून बघितला. वाद घालायला जागाच राहिली नाही. हे करायला आपल्याकडे कुठल्याही नवीन कायद्याची गरज नाही.

सॅन_होजेची_माई:
कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून बहुतेक घरांना एकाच महिन्याची मर्यादा आहे. अगदी छोट्या मालकांना दोन महिन्यांची सूट आहे. घर सोडल्यापासून २१ दिवसांत पैसे परत आणि काय कापलं त्याचा तपशील लेखी द्यावा लागतो. आमच्या मुलाचे गालिच्यावरच्या डागाचे कापले होते, पण सोबत पावती होती, त्यामुळे राग आला नाही.

चिन्मय_कर्वेनगर:
काकू, चूक मान्य. कुठल्याशा रीलवर बघून लिहिलं होतं.

मग एक सांगा, सगळे करतात तेच सोपं नाही का? शेवटचे दोन-तीन महिने भाडंच द्यायचं नाही, "डिपॉझिटमधून वळतं करा" म्हणायचं. पैसे अडकायचा प्रश्नच नाही.

कोथरूड_निवृत्त:
आणि मग वीजबिल, फुटलेला पाइप, हे मालकाने कशातून भरायचं? डिपॉझिट त्यासाठीच असतं. असं करणाऱ्यांमुळेच पुढच्या सरळ माणसाकडून आम्ही जास्त मागतो. पहिली_नोकरी जे ९४ हजार भरून आली, त्यात थोडा वाटा अशा लोकांचा आहे.

वकीलकाकू:
चिन्मय, मालकाने लेखी संमती दिली तर खुशाल करा. नाही दिली तर तो करारभंग ठरतो आणि बरोबर असलेली बाजू हातची जाते. शिवाय मुदत संपूनही जागा सोडली नाही तर १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. त्या खेळात पडू नये.

मालक वेळेवर पैसे देत नाही अशी खात्री असेल तर नोटीस देतानाच लिहायचं: "अमुक तारखेला किल्ल्या देताना डिपॉझिटची रक्कम खात्यात जमा करावी." किल्ली आणि पैसे एकाच वेळी. पुष्कळ मालक याला तयार होतात, आपणच विचारत नाही.

गिरगावची_पोर:
हे वाचून मामाची गोष्ट लिहावीशी वाटली. तो डोंबिवलीला 'हेवी डिपॉझिट'वर राहत होता. मुंबई-ठाण्याकडे हा प्रकार बराच चालतो. एकरकमी मोठी रक्कम द्यायची आणि महिन्याचं भाडं शून्य किंवा नावापुरतं. मामाने गावची जमीन विकून आलेल्यातले १०,००,००० दिले. दीड वर्षाने दारावर बँकेची नोटीस चिकटली. घर गहाण होतं, मालकाने हप्ते थकवले होते. मामा बँकेत गेला, हातात करार घेऊन. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, "तुमचा व्यवहार त्यांच्याशी, आमचा घराशी."

घर रिकामं करावं लागलं. मालकाने पुढच्या तीन वर्षांत चार हप्त्यांत मिळून साडेतीन लाख दिले, बाकीचे अजून यायचेत. मामी आजही नोटीस चिकटवली होती त्या तारखेला जेवत नाही.

हेवी डिपॉझिट देणाऱ्यांनी आधी घरावर कर्ज आहे का ते बघा. दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स-टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा उतारा, काढता येतो, सोसायटीच्या सेक्रेटरीलाही बोजा नोंदवला असेल तर माहीत असतो. भाडं वाचतं म्हणून डोळे झाकून उडी मारू नका.

ठाणेकरीण:
बाप रे. मामींबद्दल वाचून पोटात तुटलं.

माझीही एक चूक सांगते. तिसऱ्या घराला करारात डिपॉझिट ५०,००० लिहिलं आणि प्रत्यक्षात १,००,००० दिले. वरचे पन्नास रोख. "स्टॅम्प ड्युटी वाचेल," असं एजंट म्हणाला. जाताना मालकांनी करार पुढे केला आणि पन्नासमधून कापाकापी सुरू केली. वरच्या पन्नासबद्दल म्हणाले, कसले पन्नास?

करार_एजंट_हडपसर:
मी हेच काम करतो म्हणून आकडे सांगतो, म्हणजे कोणी या कारणाला भुलू नये. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. एकूण मुदतीचं भाडं, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं, त्या बेरजेवर. सिंहगडरोडकरांचं उदाहरण घ्या. २५,००० गुणिले ११ म्हणजे २,७५,०००, वर ७५ हजारांवरचं व्याज सात हजारांच्या आसपास. शुल्क साधारण सातशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. आता डिपॉझिट पन्नास हजारांनी कमी दाखवून किती वाचलं? दहा-बारा रुपये! ताई, बारा रुपयांसाठी तुमचे पन्नास हजार गेले. डिपॉझिट नेहमी बँकेतून द्या आणि व्यवहाराचा क्रमांक करारात टाकायला सांगा. आमच्या फॉर्ममध्ये त्याची जागा असते, लोक रिकामी सोडतात.

ठाणेकरीण:
बारा रुपये. वाचून पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

हॉस्टेलवाली_अमरावती:
थोडं विषयांतर. आम्हा एकट्या राहणाऱ्या मुलींकडून डिपॉझिटही जास्त मागतात, हे कोणी पाहिलंय का? त्याच बिल्डिंगमध्ये कुटुंबाला दोन महिन्यांचं, आम्हाला चार. कारण विचारलं तर म्हणे, "मुली लग्न ठरलं की मध्येच सोडून जातात."

पहिली_नोकरी:
आम्हाला अगदी हेच वाक्य ऐकवलं!

चिन्मय_कर्वेनगर:
मुलांना म्हणतात "तुम्ही पार्ट्या करता." आम्हालाही चारच सांगितले होते, घासाघीस करून तीनवर आलो.

अनामिक_नाशिककर:
करार अकरा महिन्यांचाच का असतो? बारा का नाही?

वकीलकाकू:
नोंदणी कायदा १९०८ नुसार एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. ते टाळायला अकराची सवय लागली आणि ती टिकली. महाराष्ट्रात मात्र तिचा काही फायदा नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. "नोटरी करून घेऊ, स्वस्तात होईल" म्हणणाऱ्या मालकांना हे शेवटचं वाक्य वाचून दाखवा.

मुदत साठ महिन्यांपर्यंत ठेवता येते. दर अकरा महिन्यांनी करार, दलाली, पोलिसांकडची नोंद हा सगळा खेळ पुन्हा करण्यापेक्षा दोन-तीन वर्षांचा एकच करार भाडेकरूला पुष्कळदा परवडतो.

सिंहगडरोडकर:
मंडळी, करार सापडला. सहाव्या कलमात लिहिलंय: डिपॉझिट बिनव्याजी, जागेचा ताबा परत देताना परत करायचं, थकबाकी आणि नुकसानभरपाई वळती करून, "सामान्य वापराने होणारी झीज वगळून". काकू, नेमके तुमचे शब्द. रंगाचा उल्लेख कुठेच नाही.

अडचण एकच. घरात शिरताना आम्ही फोटो काढले नव्हते. आधी घर कसं होतं हे कसं दाखवू?

श्टुटगार्टकर:
नातेवाइकांना पाठवलेलं काही असेल बघा. नवीन घरात गेल्यावर प्रत्येकजण कोणाला तरी व्हिडिओ पाठवतोच.

वकीलकाकू:
हे फार छान सुचवलंत. तारखेसकट असेल तर उत्तमच. आणि सिंहगडरोडकर, मालकांना फोन करू नका. लिहूनच पाठवा, भाषा सौम्य ठेवा. कलम क्रमांक, कापलेली रक्कम, बिलांची मागणी, पंधरा दिवसांची मुदत. जे नुकसान खरंच तुमच्याकडून झालंय ते आपणहून मान्य करा, त्याने बाकीच्या म्हणण्याला वजन येतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमातही भाडेपट्ट्याबाबत वाजवी झीज वगळलेलीच आहे. लायसन्सला ते कलम जसंच्या तसं लागू नाही, पण तुमच्या करारात तेच तत्त्व उतरलंय. नाहीच ऐकलं तर वकिलाची नोटीस, आणि पुढे दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. पण बहुतेक वेळा त्या पत्रावरच काम होतं.

कोथरूड_निवृत्त:
मालक म्हणून सांगतो, बिल मागितलं की माणूस विचारात पडतो. जरूर मागा.

सिंहगडरोडकर:
तीन आठवड्यांनी येतोय.

बायकोने राहायला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या आईला हॉलचा व्हिडिओ पाठवला होता. सासूबाई व्हॉट्सअ‍ॅपवरचं काही पुसत नाहीत, म्हणून तो अजून होता. त्यात बाल्कनीच्या दारालगत ओल येऊन सुटलेले पोपडे स्पष्ट दिसतात, आणि पंख्याच्या बाजूला आधीच्या भाडेकरूचे चार खिळे. मालकांनी 'भिंती खराब केल्या' म्हणून जी भिंत सांगितली होती, ती हीच.

आम्ही काय खराब केलं होतं तेही लिहिलं. मुलीने आतल्या खोलीत तिच्या उंचीपर्यंत खडूने रेल्वे काढली होती, पुसायला गेलो तर रंगच निघाला. बाथरूमचा एक नळ आमच्याकडून तुटला होता. ओट्यामागच्या टाइल्सवर तेलाचे ओघळ राहिले होते.

पत्र पाठवल्यावर नवव्या दिवशी मालकांचा फोन आला. सुरुवातीला आवाज चढा होता. मी कलम सहा वाचून दाखवलं आणि व्हिडिओ पाठवला. दोन दिवसांनी त्यांनी त्या एका खोलीच्या भिंतीचे ४,५००, नळाचे ३,००० आणि साफसफाईचे ३,००० धरले, बाकीचे ३०,५०० परत पाठवले. नळाला तीन हजार जास्तच आहेत, पण मी सोडून दिलं.

बाबांची एफडी काल पुन्हा केली. तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही.

ठाणेकरीण:
वा! डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना साडी घ्या :)

पहिली_नोकरी:
अभिनंदन दादा! आमच्याकडचंही सांगते. हे सगळं वाचून मी मालकांना विचारलं, पुढच्या वेळी कोणाला जागा दिलीत तर डिपॉझिट तीन हप्त्यांत घ्याल का? ते हसले, पण म्हणाले, तुमच्यातली एक सोडून दुसरी आली तर तिच्या वाट्याचं तसं घेऊ. नोव्हेंबरमध्ये एक मैत्रीण जाणार आहे.

करार_एजंट_हडपसर:
हप्ते ठरले तर तारखांसकट करारात टाकून घ्या. लागलं तर मजकूर मी लिहून देईन, त्याचे पैसे नकोत.

अनामिक_नाशिककर:
मी पुढच्या आठवड्यात घर ताब्यात घेतोय. फोटो काढायची यादी कोणी देईल का?

श्टुटगार्टकर:
दिवसाउजेडी, सामान आत यायच्या आधी जा. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, खिडक्यांच्या काचा. ओट्याखालचं कपाट उघडून आतून घ्या, कोथरूडच्या काकांचं प्लायवूड आठवा. सगळे नळ सोडून एक व्हिडिओ. वीजमीटरचा आकडा. किल्ल्या तळहातावर ठेवून एक फोटो. आणि हे सगळं त्याच दिवशी मालकांना पाठवून द्या, म्हणजे तारीख दोघांच्याही फोनमध्ये राहते.

सिंहगडरोडकर:
आणि एक प्रत सासूबाईंना.